वरच्या पायरीवरची खाच

१

हंगामात आमच्या गल्लीत सकाळपासून एकच प्रश्न ऐकू यायचा. "आहेस ना?" मग जमिनीखालून उत्तर यायचं, "आहे." थोडा वेळ जायचा, शेजारच्या दारातून कुणीतरी विचारायचं, "आहात ना?" पुन्हा खालून, "आहे." बाहेरगावाहून वाईन घ्यायला आलेली माणसं हसायची. एकदा एका बाईंनी मला विचारलं, "तुमच्या गावात नवरे पळून जातात का हो?" मी म्हटलं, "पळाले तर बरंच की. खालीच राहिले तर पंचाईत."

हसून सांगितलं, पण खोटं नव्हतं. आमचं गाव नदीच्या वळणावर आहे. वर उतारावर द्राक्षांचे मळे, खाली नदी, आणि मध्ये आम्ही. नदीतून पिंपं नेणाऱ्या होड्या चालत होत्या तेव्हापासून प्रत्येक घराखाली टेकडीत खोदलेलं तळघर आहे. त्याचं एक दार वर गल्लीत उघडतं, दुसरं खाली नदीकडे. होड्या बंद झाल्या, रस्ता आला, पण तळघरं राहिली. तशी थंड, स्थिर हवा नव्याने बांधून मिळत नाही.

रस आंबायला लागला की त्यातून जड हवा निघते. ती दिसत नाही. पाण्यासारखी तळाशी साचत जाते. माणूस काही उचलायला वाकतो, दोन श्वास घेतो आणि तिथेच बसतो. म्हणून उतरणाऱ्याने मेणबत्ती गुडघ्याच्या उंचीवर धरायची आणि ज्योत विझली की मागे फिरायचं. वरच्या पायरीवर घरातलं एक माणूस बसवायचं, त्याने हाका मारत राहायच्या. उत्तर आलं नाही तर आत धावायचं नाही, कारण धावणाराही जातो. माणसं गोळा करायची, नदीकडचं दार उघडायचं. हल्ली हवा मोजायचं यंत्रही मिळतं. आम्ही आणलं होतं. दमट हवेत ते उगाचच ओरडायचं, म्हणून आमच्या ह्यांनी ते खुंटीला टांगलं. म्हणाले, "एक ओरडणारी आहे वर बसलेली, तेवढी पुरे."

लग्न होऊन आले तेव्हापासून ती वरची पायरी माझी. भाजी निवडणं, उसवलेलं शिवणं, सगळं तिथेच. पायरीच्या कडेला मधोमध एक खाच आहे, बोट बसेल एवढी, आतून अगदी गुळगुळीत. हाका मारताना माझा अंगठा आपोआप त्या खाचेत फिरत असायचा. गल्लीतल्या सगळ्या वरच्या पायऱ्यांना तशी खाच आहे. पाहुण्यांना सांगतात, पिंपं दोराने खाली सोडायचे, त्याची ती खूण.

२

त्या दिवशी दुपारचं जेवण आवरून मी पायरीवर बसले होते. हे खाली होते. मोठ्या उघड्या पिंपांत रसावर सालींचा जाड थर येतो, तो दांड्याने दाबून खाली घालावा लागतो. अंग मोडणारं काम आहे. दांडा पिंपाच्या काठाला लागल्याचा ठक् ठक् आवाज येत होता. मग तो थांबला.

"आहात ना?" मी विचारलं.

"आहे."

मी शेंगा सोलत राहिले. जरा वेळाने पुन्हा विचारलं.

"आहे."

तेवढ्यात माझ्यावर सावली पडली. मी मान वर केली तर हे गल्लीत उभे. हात कोपरापर्यंत ओले, खांद्यावर रबरी नळी.

"नळी धुवायला नदीवर गेलो होतो," म्हणाले. "खालच्या दारानेच गेलो. तुला सांगायचं राहिलं."

मी ह्यांच्याकडे बघितलं, मग जिन्याकडे.

"मग आत्ता उत्तर कोणी दिलं?"

"कसलं उत्तर?"

मी सांगितलं. हे हसले. "अगं, भिंती केवढ्या पातळ आहेत. पलीकडे ठोकेकाका असतील. तू विचारलंस, म्हाताऱ्याने दिलं उत्तर. फुकटची चौकशी कोणाला नको असते?"

मलाही हसू आलं. पण रात्रीची भांडी घासताना एक गोष्ट मनात घोळत राहिली. हे कधी नुसतं "आहे" म्हणत नाहीत. "आहे गं" म्हणतात, तेही धापा टाकत. त्या उत्तरात दम लागलेला नव्हता. दमच काय, त्यात श्वासच नव्हता. आणि आवाज तर ह्यांचाच होता.

३

ठोकेकाका म्हणजे आमचे शेजारी. पिंपं बांधतात, दिवसभर लाकडावर ठोकत असतात, म्हणून गल्लीने ते नाव ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दारात गेले.

"काका, काल दुपारी तुम्ही खाली होतात का?"

"मी खाली?" त्यांनी तोंडातला खिळा काढला. "माझ्या गुडघ्यांना विचार. ते म्हणतील, ह्याला खाली नेऊ पण वर आणणार नाही. तळघर रिकामं आहे माझं, नुसत्या फळ्या पडल्यात. हंगामाच्या आधीपासून कुलूप आहे. का गं?"

"काही नाही. आवाज आल्यासारखा वाटला."

"उंदीर असेल."

उंदीर "आहे" म्हणत नाही, हे काही मी त्यांना सांगितलं नाही.

घरी आले. हे मळ्यात गेले होते. तळघरात कुणी नव्हतं, नदीकडच्या दाराला आतून अडसर होता. तो मी स्वतःच सकाळी लावला होता. मी वरचं दार उघडलं आणि पायरीवर बसले. खालून तोच नेहमीचा आवाज येत होता, पिंपांत रस बुडबुडत असतो त्याचा, झोपलेल्या माणसांच्या घोगऱ्या श्वासासारखा. हंगामात त्या आवाजाशिवाय मला झोप लागत नाही. मला स्वतःचीच लाज वाटली. पन्नाशी जवळ आली आणि दुपारच्या उन्हात बसून तळघराला प्रश्न विचारायचे? पण आले होते, तर विचारून टाकलं.

"आहात ना?"

काही नाही. नुसते बुडबुडे.

पुन्हा विचारलं. काही नाही. छातीवरचा दगड उतरला. म्हटलं, बाई, तुझे कान वाजले होते. उठले, गुडघ्यांवर हात टेकून वळले, दार लोटायला हात पुढे केला.

"आहे."

अगदी जवळून नाही. जिन्याच्या वळणाच्या खालून. सावकाश, जणू हाक लांब गेली होती आणि तिला परत यायला एवढा वेळ लागला होता.

मी दार लावलं. कडी घातली. मग दिवसभर घरातली अशी कामं काढली की जी वर्षभर काढली नव्हती.

४

त्याच आठवड्यात छोटी आली. आमची एकुलती लेक. पंचविशी कधीच ओलांडली, तरी घरात छोटीच. शहरात नोकरी करत होती. दोन पेट्या घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, नोकरी सोडली. आता वाईन मी करणार. तुम्ही मळा बघा आणि माझ्या चुका काढा."

ह्यांचा चेहरा असा खुलला की तळघरातल्या आवाजाचं सांगणं मी रात्रीवर टाकलं. ह्यांची कंबर दोन हंगामांपासून साथ देत नव्हती. छोटी आली नसती तर तळघर विकावंच लागलं असतं.

मी मात्र त्या रात्री ह्यांना सगळं सांगितलं.

"तुझ्या मनाचा खेळ आहे," हे म्हणाले. "इतकी वर्षं हाका मारतेस, कानात बसलंय ते."

"मग तिला उतरू द्यायचं?"

"मी उतरत होतो तेव्हा नाही वाटलं असं?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

ह्यावर हे कुशीवर वळले. झोपले नाहीत, ते मला कळत होतं.

सकाळी पायरीवर बसले आणि अंगठा खाचेत गेला. तेव्हा पहिल्यांदाच डोक्यात आलं. पिंपं कधी ह्या जिन्याने उतरतात का? भरलेलं पिंप नदीकडच्या दारातून आत-बाहेर करतात, आजही. ह्या वळणावर तर रिकामंही अडकेल. आणि पिंप पेलणारा दोर मनगटाएवढा जाड. खाच बोटाएवढी. एवढ्या बारीक दोराला काय बांधत असतील?

मी तशीच उठून ठोकेकाकांकडे गेले.

"माणूस," ते म्हणाले. "हाका मारायच्या आधी दोरच असायचा. माझ्या आजोबांच्याही आधीची गोष्ट. उतरणाऱ्याच्या अंगाला दोर. वरून एक हिसका, म्हणजे आहेस का. खालून दोन हिसके, म्हणजे आहे. पिंपाची गोष्ट पाहुण्यांसाठी. माणसाला दोर बांधायचे असं सांगितलं तर वाईन कोण घेईल?"

"मग दोर सोडला कशाला?"

"गुंतत असेल पिंपांत. मला काय माहीत?" ते पुन्हा ठोकायला लागले. "हाक मारायला काय जातं, तोंड तर फुकटच असतं."

मला एवढंच दिसलं की हाकेला कुणीही उत्तर देऊ शकतं, पण दोर ज्याच्या अंगाला आहे तोच ओढणार. त्याच दुपारी बाजारातून दोर आणला.

५

वरच्या डोंगरात पाऊस झाला होता. नदी चढली. पाणी तळघरात शिरू नये म्हणून गल्लीतल्या सगळ्यांनी खालच्या दारांना फळ्या मारल्या. म्हणजे हवा बाहेर जायची वाट बंद. दोन दिवस खाली कुणी गेलं नाही. पण सालींचा थर दाबला नाही तर वरून वाळतो आणि सगळी वाईन आंबट होते. छोटीची पहिली वाईन.

"पटकन जाऊन येते. पहिलं पिंप तर जिन्याजवळच आहे," ती म्हणाली.

मी तिच्या काखेखालून दोर बांधला.

"आई, मी काय गाय आहे का?"

"गाय असतीस तर ऐकलं असतंस. नीट ऐक. तोंडाने बोलायचंच नाही. मी एकदा ओढीन, तू दोनदा ओढायचं. आणि ज्योत विझली की मागे."

"बरं, माझी बाय." तिने मेणबत्ती पेटवली, गुडघ्याशी धरली आणि वळणावर दिसेनाशी झाली. हे माझ्यामागे दारात उभे होते.

दोर खाचेत नेमका बसला. जणू त्याच्यासाठीच केलेली जागा. तो माझ्या हातांतून थोडा थोडा खाली जात होता. दांड्याची ठक् ठक् ऐकू आली. मी एकदा ओढलं. खालून दोन हिसके आले. माझे डोळेच भरून आले. इतकी साधी गोष्ट होती.

मग ठक् ठक् थांबली. दोर अजून खाली जात होता. सावकाश, एका चालीने. पहिलं पिंप जिन्याजवळ आहे. तिला पुढे जायचं कारण काय? मी एकदा ओढलं.

दोर थांबला. हिसका आला नाही.

"आहे," खालून आवाज आला. छोटीचाच.

"बोलली बघ," हे म्हणाले. ह्यांनी रोखलेला श्वास सोडला.

मी पुन्हा ओढलं. दोर ताणलेला, जड. हिसका नाही.

"आहे, आई."

"बोलायचं नाही असं ठरलं होतं," मी म्हटलं.

"अगं, विसरली असेल. हात गुंतले असतील कामात. जोरात ओढलंस तर पिंपात पडेल पोर."

हे म्हणत होते तेही खरं होतं. सवयीने आपणही काहीबाही बोलून जातो. मी तिथे बसून, दोर मुठीत धरून, ऐकत राहिले. मला एकच गोष्ट ऐकायची होती. जिने आत्ता एवढा जड दांडा दाबला, तिला धाप लागलेली असणार.

"छोटे, आहेस ना?"

"आहे."

स्वच्छ. सपाट. घडी करून ठेवलेल्या कपड्यासारखा आवाज.

"ओढा," मी म्हटलं. "अहो, ओढा. ती बोलत नाहीये."

ह्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि कंबर विसरून दोराला हात घातला. मी ठोकेकाकांना हाक मारली, ते हातोडी टाकून आले. आम्ही तिघांनी ओढलं. खालून काहीतरी फरफटत येऊ लागलं, पायरीपायरीवर आपटत. आणि त्याच वेळी, त्याच्याही मागून, आवाज येत होता. "आहे. आहे, आई. आहे."

वळणावर ती अडकली. मी श्वास रोखून वळणापर्यंत उतरले, वाकून तिचा हात धरला. तिच्या मुठीत मेणबत्ती होती, विझलेली, मेण बोटांवर थिजलेलं. ओठ निळे. मी तिला वर घेतलं आणि तेव्हा माझी नजर वळणाच्या खाली गेली.

तिथे एक ज्योत होती. गुडघ्याच्या उंचीवर, आम्ही सगळे धरतो तशीच, न हलता. त्या हवेत ज्योत जळू शकत नाही.

ती एक पायरी वर आली आणि थांबली.

ह्यांनी दार लावलं. आम्ही छोटीला गल्लीत उघड्यावर निजवलं. काकांनी तिची छाती दाबली, आणि तिने एकदम, पाण्यातून वर आल्यासारखा, श्वास घेतला. तिचं तोंड माझ्या समोर होतं. मी ते बघत होते, हलत नव्हतं. आणि बंद दारामागून तिच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "आहे."

ते आम्ही तिघांनीही ऐकलं. त्यानंतर आजवर त्या आवाजाबद्दल आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही.

६

छोटी बरी झाली. डोकं दुखायचं, तेही थांबलं. पलंगावर बसून गरम दूध पिताना एक दिवस ती सहज म्हणाली, "तू उगाच मला आत बोलावत होतीस."

"मी?"

"हो ना. तळघरातल्या दुसऱ्या खांबाच्या पलीकडून. आहेस ना, आहेस ना, म्हणून. मला वाटलं, आई खालच्या दाराने आली की काय. त्याला फळ्या मारल्यात हे डोक्यातच आलं नाही. बोलायचं नाही असं तूच सांगितलं होतंस, म्हणून मी गप्प राहून बघायला गेले."

मी तिच्या हातातून पेला घेतला. रिकामा नव्हता, तरी घेतला.

पोर दोरामुळे वाचली ही बातमी गल्लीभर झाली. आधी चेष्टा झाली. कुणी आपल्या नवऱ्याला लगाम बांधू म्हणालं, कुणी म्हणालं, तेवढा लांब दोर बाजारात मिळतो का ते आधी बघा. पण पुढच्या हंगामापर्यंत एकेका दारात दोर आला. हाका बंद झाल्या. ह्या वर्षी गल्ली इतकी शांत आहे की नदीचा आवाज थेट वर येतो. पाहुणे विचारतात, ते आहे-आहे बंद केलंत वाटतं? किती छान वाटायचं.

आणि छोटी पुन्हा उतरणार आहे. किती सांगितलं, किती रडले. "आई, नदी खाली गेली आहे, खालचं दार सताड उघडं आहे, पंखा लावलाय, नवं यंत्र आणलंय, आणि तुझा दोर आहे. आणखी काय हवं?" हेही म्हणाले, "जाऊ दे तिला. दोर आहे ना."

आज सकाळी मी दार उघडलं. ह्या हंगामासाठी दोर नवा आणला होता, आणि नव्या दोराला पीळ असतो. तो सुटावा म्हणून मोकळं टोक जिन्यावरून खाली सोडलं आणि दुसरं हातात धरून पायरीवर बसले. छोटी स्वयंपाकघरात मेणबत्ती शोधत होती. "आई, काड्यापेटी कुठे ठेवलीस?" "फडताळात बघ, डाव्या हाताला." ऊन छान पडलं होतं. समोरच्या, शेजारच्या, कोपऱ्यावरच्या दारांत बायका बसल्या होत्या, मांडीवर काम, हातात दोर. अधूनमधून एखादी हलकेच ओढायची, वाट बघायची, आणि मग तिचा चेहरा सैल व्हायचा. दोन हिसके आले, म्हणजे तिचं माणूस आहे. ती पुन्हा कामाला लागायची.

माझ्या हातातला दोर खाचेत पडून होता. अंगठा सवयीने तिथे गेला. खाच किती गुळगुळीत आहे. किती वर्षं, किती हात लागले असतील अशी खाच पडायला. एवढा दोर ज्यांनी वापरला, त्यांनी तो एके दिवशी टाकून दिला, सगळ्या गल्लीने एकदम, आणि हाका मारायला लागले.

तेव्हा दोर हलला.

एक हिसका. आणि लगेच दुसरा. जोरात नाही. अगदी समजूतदारपणे, नीट शिकवल्यासारखे.

मी काही विचारलं नव्हतं. दोराच्या त्या टोकाला कुणी बांधलेलं नव्हतं.

समोरची बाई आपल्या दोराकडे बघून हसत होती. कोपऱ्यावरचीही. दोर ओढून घ्यावा असं मनात आलं, पण त्याच्याबरोबर काय वर येईल कुणास ठाऊक. सोडून द्यावा तर तेही जमेना.

मागून छोटीची पावलं आली. मेणबत्तीच्या मेणाचा वास आला.

"सापडली. चल, बांध," ती म्हणाली. "आई, सरक ना जरा."

मी सरकले नाही. दोर पायाखाली दाबला, दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावले, आणि पायरी भरून बसून राहिले.